कंप, विस्मृती आणि मौन



ज्या संस्थापक मुख्याध्यापकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या हाताखाली मी या शाळेत चार वर्षे शिकलो. त्यांच्या नावाच्या व्याख्यानाचे निमंत्रण आले तेव्हा साहजिकच मला असे वाटले, की आपण संतवाङ्मयावर किंवा गोमंतकातील मराठी शिक्षणाच्या इतिहासावर बोलावे. आयुष्यभर मी तेच केले आहे. परंतु वयाची शहात्तरी उलटल्यावर माणसाने एकदा तरी आपल्याला सोपा असलेला विषय बाजूला ठेवून आपल्यावर ऋण असलेला विषय घ्यावा, असे माझ्या मनाने घेतले. म्हणून आजचा विषय निराळा आहे. हातापायांना कंप सुटणे, स्मृती जाणे, अवयवांवरचा ताबा सुटत जाणे, अशा मेंदू झिजविणाऱ्या आजारांत माणसाच्या मनाचे काय होते, त्यांतील काही माणसे स्वतःचे जीवन संपविण्यापर्यंत का येतात, आणि आपल्या समाजाने या प्रश्नाकडे आजवर कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा थोडा इतिहास मी आपल्यापुढे मांडणार आहे. मी वैद्य नव्हे. मी शब्दांचा अभ्यासक आहे, आणि या विषयात शब्दांनी बराच घोटाळा केलेला आहे, असे माझे मत झाले आहे.

या विषयाचे मूळ माझ्या घरात आहे. डिचोली तालुक्यातील एका गावी माझे थोरले काका राहत. १९६९ सालच्या माघात एका पहाटे त्यांनी आपल्या हाताने आपले आयुष्य संपविले. त्यांचे वय त्रेसष्ट होते. मी वीस वर्षांचा होतो आणि पणजीला महाविद्यालयात शिकत होतो. घरी पोहोचलो तेव्हा मला सांगण्यात आले, की काकांचा तोल गेला. पुढे छप्पन्न वर्षे मीही विचारणाऱ्याला हेच उत्तर देत आलो. आज या व्यासपीठावरून ते उत्तर मी मागे घेत आहे. काकांच्या मुलांची व नातवंडांची संमती घेऊनच मी हे बोलत आहे, हेही सांगून ठेवतो.

शब्दांची कहाणी

साठी आली की बुद्धी नाठी होते, असे आपण हसत हसत म्हणतो. ‘म्हातारचळ’ हा शब्द तर शिवीसारखाच वापरला जातो. कुणी ‘भ्रमिष्ट’ होतो, कुणाला ‘चळ’ लागतो, कुणी ‘पुन्हा लहान’ होतो. या शब्दांत निरीक्षण आहे, नाही असे नाही. परंतु यांतील एकही शब्द आजाराचा नाही. ज्याला आजाराचे नाव नाही त्याला औषध शोधण्याचे कारणही उरत नाही.

कंपाची गोष्ट थोडी निराळी. आयुर्वेदाने वातव्याधींमध्ये ‘वेपथु’ या नावाने कंपाची नोंद फार पूर्वी केली आहे, आणि ‘कंपवात’ हा शब्द आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात होता. पाश्चात्त्य वैद्यकात १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी सहा रुग्णांवरून या विकाराचे वर्णन केले. त्या वर्णनात त्यांनी एक गोष्ट नोंदविली, की या आजारात इंद्रिये आणि बुद्धी शाबूत राहतात. एवढ्या सूक्ष्म निरीक्षकाच्या हातून सुटलेला हा धागा होता. हात थरथरताना दिसतो. मनाचे खचणे दिसत नाही. पुढे पुष्कळ काळ वैद्यकाने हा स्नायूंचा आणि हालचालींचा विकार म्हणूनच पाहिला. आज असे मानले जाते, की या आजारातील खिन्नता ही केवळ आजाराने आलेली निराशा नसून आजाराचाच एक भाग असते. मेंदूत ज्या रासायनिक द्रव्यांची उणीव पडते त्यांचा संबंध जसा हालचालींशी तसाच उत्साहाशी आणि आनंदाशीही आहे. हाताला कंप सुटण्याच्या आधी काही वर्षे मन उदास होऊ लागले, असे कित्येक रुग्णांच्या बाबतीत आढळते.

१८७२ साली अमेरिकेतील जॉर्ज हंटिंग्टन या तरुण डॉक्टराने पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या, अंग वेडेवाकडे हलविणाऱ्या एका आजाराचे वर्णन केले. त्याने त्या आजाराची तीन वैशिष्ट्ये सांगितली: तो वंशपरंपरेने येतो, प्रौढ वयात प्रकट होतो, आणि त्यात बुद्धिभ्रंशाकडे व आत्महत्येकडे कल असतो. मेंदूचा आजार आणि जीव देण्याची इच्छा यांचा संबंध इतक्या स्पष्टपणे मांडणाऱ्या आरंभीच्या नोंदींपैकी ही एक होय. पुढे १९०६ साली आलॉइस आल्झायमर यांनी ट्यूबिंगेन येथील सभेत एका स्त्रीची हकीकत सांगितली. फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आली तेव्हा ती अवघी एक्कावन्न वर्षांची होती. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात त्या आजाराला आल्झायमर यांचे नाव दिले. ‘म्हातारचळ’ म्हणून ज्याची बोळवण होत होती त्याला अशा रीतीने आजाराचा दर्जा मिळाला. आपल्या खेड्यांत मात्र ती वार्ता यायला आणखी पाऊणशे वर्षे लागली.

‘गेले’ या क्रियापदाच्या आड

आता आपल्या परंपरेकडे वळू. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात आत्मघाताचा विचार विस्ताराने केला आहे. आत्मघात हे पाप, हा सर्वसाधारण नियम. परंतु त्याला जे अपवाद जुन्या स्मृतिकारांनी सांगितले त्यांत एक असा आहे, की जो अतिवृद्ध झाला, शौचाशौचाचे ज्याला भान उरले नाही आणि वैद्यांनी ज्याच्यापुढे हात टेकले, त्याने स्वेच्छेने देह ठेवला तर दोष नाही. हे वर्णन मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. आपण आज ज्याला स्मृतिभ्रंश म्हणतो त्याचेच हे वर्णन नव्हे काय? उपाय संपले की माणसाने निघून जावे, अशी मुभा त्या काळाने दिली होती.

परंतु याच धर्मशास्त्राने पुढे कलिवर्ज्यांच्या यादीत वृद्धांचा हा देहत्याग घातला. म्हणजे जे पूर्वी चालत असे ते या युगात चालणार नाही, असे ठरविले. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हा बदल मोलाचा वाटतो. ज्या म्हाताऱ्याचे भान गेले आहे त्याची ‘स्वेच्छा’ खरोखर कुणाची इच्छा असते, हा प्रश्न आपल्या पूर्वजांपैकी कुणाला तरी पडला असावा, असे अनुमान मी करतो. ते केवळ अनुमान आहे, हे खरे.

शास्त्राने दार लावले तरी भाषेने ते किलकिले ठेवले. आपल्याकडे थोर माणसे मरत नाहीत. ती समाधी घेतात, देह ठेवतात, निजधामाला जातात. याच पेडणे तालुक्यातील पालये गावी १७१४ साली जन्मलेले सोहिरोबानाथ आंबिये १७९२ मध्ये उज्जैनहून निघून गेले आणि पुन्हा कुणाला दिसले नाहीत, असे परंपरा सांगते. ज्ञानेश्वरांच्या १२९६ मधील समाधीचे स्मरण तर घराघरांत आहे. अगदी अलीकडे, १९६६ साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी स्वातंत्र्यवीर सावरकरांनी अन्नत्याग करून देह ठेवला, तेव्हा ‘आत्मार्पण’ या शब्दाची चर्चा आमच्या गावच्या देवळाच्या पायरीवरही झाली होती. त्या पायरीवर काकाही बसत.

संतांच्या समाधीविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही, आणि तो माझा विषयही नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की योग्याच्या समाधीसाठी घडविलेला शब्द खचलेल्या, न झोपलेल्या, आजाराने पोखरलेल्या माणसाच्या मरणावर पांघरला, तर त्या माणसाचा आजार त्या पांघरुणाखाली दडून जातो. काकांच्या वर्षश्राद्धाला आलेल्या एका कीर्तनकारबुवांनी आमच्या काकूंचे सांत्वन करताना म्हटले, “त्यांनी समाधीच घेतली, असे समजा.” बुवांचा हेतू चांगला होता. काकू उठून आत गेल्या. त्यांना ठाऊक होते, की समाधी घेणारा माणूस आदल्या रात्री पत्नीची क्षमा मागून रडत नाही.

देऊळ, दवाखाना आणि कायदा

नव्या काबिजादीतले आपले हे तालुके पोर्तुगीज अमलाखाली आले अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. पेडणे १७८८ मध्ये. पणजीला वैद्यकीय विद्यालय १८४२ साली निघाले, परंतु डिचोली-पेडण्याच्या खेड्यातील माणसाला ते दूरच होते. मन बिघडलेल्या माणसाला घेऊन लोक देवाच्या दारी जात. साखळीच्या दत्तवाडीतील दत्तमंदिराची ख्याती यासाठीच होती, आणि आहे. तेथे राहिल्याने बुद्धिभ्रम झालेला माणूस बरा होतो, अशी श्रद्धा आहे. या श्रद्धेची टवाळी करणारा मी नव्हे. घरच्या माणसाने आजाऱ्याला घेऊन काही दिवस शांत जागी राहावे, त्याला वेळेवर जेवू घालावे, गर्दीत त्याची थट्टा होऊ नये, यात उपचाराचा अंश आहेच. अपुरे होते ते पुढचे पाऊल. देवळानंतर कुठे जावे, हे सांगणारे कुणी नव्हते.

सीमेपलीकडे रत्नागिरीला १८८६ पासून मनोरुग्णालय होते. ‘रत्नागिरीला धाडीन’ ही धमकी मी लहानपणी ऐकलेली आहे. म्हणजे उपचाराच्या जागेचे नावसुद्धा आपण भीती घालण्यासाठी वापरले. गोव्यात आल्तिनोच्या टेकडीवरील मनोरुग्णालयाला आबे फारिया यांचे नाव होते. कांदोळीला १७५६ साली जन्मलेला हा गोमंतकीय धर्मगुरू पॅरिसला गेला आणि संमोहनाचे रहस्य बाहेरच्या कुठल्या शक्तीत नसून माणसाच्या स्वतःच्या मनात आहे, असे त्याने १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले. योगायोग पाहा: पार्किन्सनने कंपाचे वर्णन केले आणि फारियाने मनाचे, ते दोन वर्षांच्या अंतराने. त्या दोघांची गाठ पडायला मात्र दीड शतक लागले. आल्तिनोवरील त्या रुग्णालयाला पुढे, १९८० मध्ये, मानसोपचार व मानवी वर्तणूक संस्थेचे रूप आले. आज ती बांबोळीला आहे.

कायद्यानेही मौनाला हातभार लावला. मुक्तीनंतर येथे भारतीय दंड संहिता लागू झाली. तिच्या ३०९ व्या कलमाप्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. जो वाचला तो आरोपी, आणि जो गेला त्याच्या घरी पोलीस. १९६९ साली आमच्या घरातील वडीलमाणसांनी ‘तोल गेला’ असे ठरविले, त्यामागे लाज होती तशी ही भीतीही होती. या कलमाविरुद्ध एक मोठा आवाज मराठी मुलखातून उठला, हे मुद्दाम सांगतो. मुंबई पोलीस दलातील एका शिपायाला अपघातात डोक्याला दुखापत झाली. त्यानंतर त्याचे मन बिघडले, आणि पुढे त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. त्याच्यावर खटला भरण्यात आला. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती कोळसे-पाटील यांनी हे कलम घटनाबाह्य ठरविले. ज्याला उपचार हवेत त्याला तुरुंग कशासाठी, हा त्या निकालामागचा विचार होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तसाच निर्णय दिला आणि १९९६ मध्ये तो फिरविला. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असे म्हटले, की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरावे आणि शासनाने त्याची काळजी घ्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम राहिले नाही. कायद्याला शहाणपण यायला १८६० पासून दीडशेहून अधिक वर्षे लागली. घराघरातील मौन मात्र कायदा बदलल्याने आपोआप सुटत नाही.

काकांची हकीकत

काका देवळाच्या सभामंडपात मराठी शाळा चालवीत. पोर्तुगीज अमदानीत आपल्या खेड्यांत मराठी टिकली ती अशाच मास्तरांमुळे. त्यांचे अक्षर पंचक्रोशीत नावाजलेले होते. लग्नपत्रिकेचा मसुदा असो, देवस्थानचा जमाखर्च असो, कागद त्यांच्याकडे येई. १९६४ च्या सुमारास ते अक्षर बारीक होऊ लागले. ओळीच्या आरंभी बरे असे आणि शेवटाला पोहोचेपर्यंत मुंगीएवढे होई. आम्ही मुले त्यावरून हसत असू. कंपवाताच्या रुग्णांचे अक्षर असे आक्रसत जाते, हे त्या आजाराचे एक ठळक लक्षण आहे, असे मला पन्नास वर्षांनी कळले. मग उजवा हात थरथरू लागला. चेहरा कोरा दिसू लागला. लोक म्हणू लागले, मास्तरांना आताशा गर्व झाला, हसत नाहीत. आवाज खाली गेला आणि सप्ताहात त्यांनी भजन म्हणणे सोडले. दत्तवाडीला नेऊन झाले, वैद्य झाले. एका डॉक्टरांनी तपासून सांगितले, की हा वाताचा विकार आहे, वयाचा धर्म आहे, सवय करून घ्या.

शेवटच्या थंडीत काकांनी देवळात जाणे थांबविले. रात्री ते पडवीत फेऱ्या मारीत. देवस्थानच्या वह्या त्यांनी दुसऱ्याच्या हवाली केल्या, कुळांचा हिशेब काकूंना समजावून दिला, आणि दिवाळीत मी घरी आलो असता मोल्सवर्थचा कोश मला देऊन म्हणाले, “तुला लागेल, मला आता उचलत नाही.” मला फार आनंद झाला. मी तो कोश घेऊन पणजीला परत गेलो. “तुम्हां सर्वांना माझे ओझे झाले,” असे ते काकूंना वारंवार म्हणत, आणि काकू म्हणत, “असे अभद्र बोलू नये.”

आज या गोष्टी एका ओळीत मांडल्या की लहान मुलालाही त्यांचा अर्थ कळेल. माणूस एकाएकी व्यवहार आवरू लागतो, जिवापाड जपलेल्या वस्तू वाटतो, झोपत नाही, माणसांतून उठतो आणि आपण ओझे झालो असे म्हणतो. ही सारी हाक आहे. त्या वेळी आमच्यापैकी कुणाला ती हाक म्हणून ऐकू आली नाही. त्याचा दोष मी घरच्या कुणाला देत नाही, आणि माझ्या वीस वर्षांच्या वयालाही आता देत नाही. अभद्र बोलू नये, ही आमच्या घराची रीत होती. त्या रीतीने त्यांचे तोंड बंद झाले.

इतिहासातील एक उपरोधही नोंदवितो. आपल्या रानात पावसाळ्यात वाढणारी, अंगाला लागली की आग करणारी खाजकुयली आपणां सर्वांना ठाऊक आहे. आयुर्वेदात तीच कपिकच्छू. तिच्या बियांत लेव्होडोपा हे द्रव्य असल्याचे १९३७ साली भारतातच दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी दाखविले. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कॉट्झियास यांनी याच द्रव्याच्या मोठ्या मात्रेने कंपवाताचे रुग्ण चालू-बोलू लागतात, हे सिद्ध केले. म्हणजे काका गेले त्याच्या दोन वर्षे आधी औषध जगात आले होते, आणि त्याचे मूळद्रव्य आमच्या कुंपणावर वाढत होते. याचा अर्थ कुणी घरी बिया कुटून खाव्यात असा नव्हे; मात्रा चुकली तर अपाय होतो. मला म्हणायचे ते इतकेच, की ‘उपाय नाही’ हे वाक्य उच्चारताना आपण फार सावध असले पाहिजे.

आज काय ठाऊक आहे

२०२० साली डेन्मार्कमधील एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९८० ते २०१६ या काळातील सुमारे त्र्याहत्तर लक्ष लोकांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. स्नायू निकामी करणारा एएलएस हा आजार आणि हंटिंग्टनचा आजार यांत आत्महत्येचे प्रमाण इतरांच्या सुमारे पाचपट आढळले; पार्किन्सनच्या आजारात ते पावणेदोनपटीच्या आसपास होते. स्मृतिभ्रंशात एकंदर प्रमाण वाढलेले नव्हते, परंतु निदान झाल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात ते सुमारे तिप्पट होते. माझ्या मते यातील शेवटचा निष्कर्ष आपल्यासारख्या सामान्य माणसांसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. आजाराचे नाव कानावर पडते आणि माणूस घरी येऊन एकटा बसतो, ते दिवस सर्वांत नाजूक. तेच दिवस आपण ‘त्याला विश्रांती घेऊ द्या’ म्हणून त्याच्याकडे जाणे टाळतो.

हेही लक्षात ठेवावे, की या आजारांतील बहुसंख्य माणसे असे पाऊल उचलीत नाहीत. जी उचलतात त्यांच्यापैकी पुष्कळांना खिन्नतेचा विकार असतो, आणि तो उपचाराने बरा होऊ शकतो. मूळ आजार बरा होत नसला तरी मन सावरता येते.

याबाबत गोव्याने जगाला काही दिले आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. २००१ साली विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यातील वार्धक्याविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. म्हातारपणातील भ्रमिष्टपणा लोकांना ओळखीचा होता, पण त्याला ते आजार मानीत नव्हते. वयाचा भाग किंवा मुलांच्या दुर्लक्षाचे फळ मानीत होते. २००८ साली डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील दोन तालुक्यांत एक्क्याऐंशी कुटुंबांसह केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. साध्या शिकलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरी पाठविले. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा भार त्यामुळे हलका झाला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात खिन्नतेची सौम्य लक्षणे असलेल्या एकशे एक्क्याऐंशी वृद्धांपैकी निम्म्यांना अशाच साध्या समुपदेशकांची सोबत मिळाली. वर्षभरात त्यांच्यातील सुमारे साडेचार टक्के लोकांना खिन्नतेचा विकार जडला. ज्यांना ती सोबत मिळाली नाही त्यांच्यात हे प्रमाण चौदा टक्क्यांहून अधिक होते. सोबत हे औषध आहे, ही आता केवळ कीर्तनातील गोष्ट राहिलेली नाही.

आणि ही गरज वाढत जाणार आहे. २०११ च्या जनगणनेत साठीपलीकडच्या लोकांचे प्रमाण केरळाखालोखाल गोव्यात होते, शेकडा अकराहून अधिक. देशात साठीपुढील शेकडा सात-साडेसात लोकांना, म्हणजे सुमारे अठ्ठ्याऐंशी लक्ष माणसांना, स्मृतिभ्रंश असावा असा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. मुले पुण्या-मुंबईला, आखातात, युरोपात. मोठ्या घरात दोन म्हातारी माणसे. हे चित्र या सभागृहातील अनेकांच्या घरचे आहे.

माझे स्वतःचे

आपल्यापैकी पुढच्या रांगेतील लोकांनी पाहिलेच असेल, की माझा उजवा हात मेजाखाली आहे. २०१९ साली मला कंपवाताचे निदान झाले. घरी येऊन मी प्रथम काय केले? कोरा कागद घेतला आणि चार ओळी लिहून अक्षर बारीक होते का ते पाहिले. झाले होते. त्या रात्री काका आठवले आणि मी भ्यालो. आजाराला भ्यालो त्याहून अधिक स्वतःला भ्यालो.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या भेटीत डॉक्टरबाईंनी, माझ्या मुलीच्या वयाच्या असतील, सरळ विचारले, “सर, जीव नकोसा होतो का? तसे काही विचार मनात येतात का?” इतकी वर्षे घरात कुणी कुणाला न विचारलेला प्रश्न त्या मुलीने सहज विचारला. असे विचारल्याने माणसाच्या मनात नसलेला विचार येतो, अशी आपली समजूत आहे. ती चुकीची आहे, असे तज्ज्ञ सांगतात, आणि मी अनुभवाने सांगतो. मी “होय, एकदोनदा” असे म्हणालो आणि माझ्या छातीवरचे दडपण उतरले. त्यांनी पत्नीला आत बोलाविले, औषधात बदल केला, मनासाठी वेगळे औषध दिले आणि दर पंधरवड्याला यायला सांगितले. आज सहा वर्षांनी मी आपल्यापुढे बसून बोलतो आहे. अक्षर बारीकच आहे; हे व्याख्यान नातीने टंकून दिले.

कुणी म्हणेल, असाध्य आजारात माणसाला सन्मानाने मरण्याचा अधिकार नसावा काय? हा प्रश्न गंभीर आहे आणि वेगळा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केले, की बरे होण्याची आशा नसताना केवळ यंत्रांवर जीव लांबवू नये, अशी इच्छा माणसाला आधी लिहून ठेवता येते. २०२३ मध्ये त्याची रीत सोपी झाली. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी असे इच्छापत्र करून गोव्यात त्याचा आरंभ केला. मीही तसे लिहून ठेवणार आहे. परंतु शांत मनाने, घरच्यांना सांगून, साक्षीदारांसमक्ष लिहिलेला कागद आणि न झोपलेल्या माणसाने पहाटे एकट्याने घेतलेला निर्णय, यांना एकाच शब्दात बांधू नये. पहिल्यात माणूस बोलतो. दुसऱ्यात आजार बोलतो.

गुरुजींचे शेवटचे दिवस

अखेर ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो त्यांच्याविषयी. आपल्या गुरुजींची स्मृती शेवटच्या सहा वर्षांत गेली होती, हे येथील जुन्या मंडळींना ठाऊक आहे. पहिल्या काही महिन्यांत, जाणीव शिल्लक असताना, ते फार बेचैन असत. “मला आता ठेवू नका,” असे म्हणत. तेव्हा त्यांच्या घरच्यांनी दार लावून घेतले नाही. त्यांनी माजी विद्यार्थ्यांना बोलाविले. डॉक्टर तर होतेच, पण त्याबरोबर आम्ही आठ-दहा जणांनी पाळी लावली. रोज संध्याकाळी कुणी ना कुणी तेथे बसे. एकाने युक्ती काढली. आपल्या वर्गाचा हजेरीपट त्याने आठवून लिहिला आणि तो गुरुजींच्या हाती दिला. गुरुजी नावे वाचीत आणि आम्ही ‘हजर’ म्हणत असू. आम्ही कोण ते त्यांना कळत नव्हते. आमची नावे मात्र ते स्वच्छ उच्चारीत आणि शेवटी पट मिटून समाधानाने मान हलवीत. बेचैनी ओसरली. ते गेले ते आपल्या वेळेला, अंथरुणावर, माणसांच्या मध्ये.

मराठीतील आद्य गद्यग्रंथ ‘लीळाचरित्र’ कसा सिद्ध झाला, हे मी वर्गात अनेक वर्षे शिकविले. चक्रधर निघून गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्या सहवासातील एकेका माणसाकडे जाऊन आठवणी गोळा केल्या. पोथी हरवली तेव्हा अनुयायांनी ती पुन्हा स्मरणातून उभी केली. एकाची स्मृती जाते तेव्हा इतरांनी ती धरून ठेवावयाची असते, हा आपल्या वाङ्मयाचा आरंभच आहे. गुरुजींच्या ओसरीवर आम्ही तेच करीत होतो. माझ्या काकांसाठी तसे कुणी केले नाही, कारण करायचे असते हेच कुणाला ठाऊक नव्हते.

आपणांस आता ठाऊक आहे. म्हणून या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. आपापल्या गावात कंपाने, विस्मृतीने घरात बसलेले कोण आहेत याची यादी करा आणि पाळी लावून त्यांच्याकडे जा. आजाराचे नाव नुकतेच कळलेल्या माणसाकडे त्याच आठवड्यात जा. सांभाळणाऱ्या सुनेला किंवा पत्नीलाही विचारा, की तू झोपतेस का. कुणी म्हणाले, मला जगणे नको झाले, तर ‘अभद्र बोलू नये’ असे म्हणू नका. खुर्ची पुढे ओढून बसा, त्याला एकटे सोडू नका आणि डॉक्टरांकडे घेऊन जा. शासनाची ‘टेली-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून त्यावर दिवसरात्र बोलता येते. तो शाळेच्या फलकावर लिहून ठेवा, अशी मुख्याध्यापिकाबाईंना माझी विनंती आहे.

काकांनी दिलेला मोल्सवर्थचा कोश मी आज बरोबर आणला आहे. त्याच्या पहिल्या पानावर काकांचे नाव आहे, त्यांच्याच बारीक झालेल्या अक्षरात. तो मी शाळेच्या वाचनालयाला देत आहे. या वेळी देणाऱ्याचा हेतू काय, असा संशय कुणी धरू नये. मला तो पुन्हा पाहायला यायचे आहे, आणि पुढच्या वर्षीच्या व्याख्यानाला मी श्रोता म्हणून हजर राहणार आहे.